दळवीकाकांची नदी

ऑफिसातल्या एसीचं पाणी गळायला लागलं की बाकीचे बादली शोधत. दळवीकाका मात्र आधी खुर्चीवर चढून ते येतंय कुठून ते बघत. तोवर खाली फायली भिजल्या तरी चालेल. संगमेश्वरजवळच्या वाडीतून आलेले, साठीला टेकलेले हे ड्राफ्ट्समन माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, गॅरेजांच्या रांगेवर आमचं छोटं ऑफिस होतं. परदेशातल्या सर्व्हेवरून आम्ही नकाशे काढायचो.

मी पुण्याहून नवीन आले तेव्हा काका स्कॉटलंडमधली एक नदी काढत होते. नदी कसली, आपल्याकडे ओढा म्हणतील. दोन टेकड्यांमधल्या दलदलीत उगम, मग मेंढ्यांची कुरणं, एक पडकी पाणचक्की, दगडी कमानीचा पूल, लहानसं गाव आणि शेवटी मोठ्या नदीशी गाठ. "तिकडे लहान नदीला 'वॉटर'च म्हणतात," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, घरची बातमी सांगावी तसं.

सर्व्हेबरोबर आलेले फोटो ते डबा खाताना मोठे करून बघत. कुरणांच्या कडेच्या भिंती दिसल्या तेव्हा घास तसाच हातात राहिला. "अगं सायली, हे तर आपले गडगे! दगडावर दगड, चुना नाही की माती नाही." मग प्रश्न सुरू. पाणी कोऱ्या चहासारखं का दिसतं? मासे धबधबा चढतात तरी कसे? मी इंटरनेटवर शोधून सांगायची, आणि त्यातून त्यांना आणखी दोन प्रश्न पडायचे.

गाव पुरापासून वाचवायला नदीकाठी बांध घालायचा होता, त्यासाठीच हे नकाशे. शेवटचं ड्रॉइंग पाठवायच्या सकाळी काका जुना नकाशा उघडून बसले होते. त्यात पाणचक्कीपाशी नदीतून एक बारीक रेघ फुटत होती आणि तीन घरांच्या मागून जाऊन पुन्हा नदीला मिळत होती. नव्या सर्व्हेत ती नव्हती.

"हा चक्कीचा पाट. गेला कुठे?"

मॅनेजर केरळचे; आमचं सगळं हिंदीत चालायचं. "पुराना है, सूख गया होगा. यल्ला, जल्दी भेज दो."

"सूखा होगा साहब, लेकिन बुजा नहीं होगा," काका म्हणाले. मॅनेजरना 'बुजा' कळलं नाही, पण ड्रॉइंग अडलंय हे कळलं. क्लायंटच्या सर्व्हेवर शंका घेणं आपलं काम नाही, काम हातचं गेलं तर पहिला व्हिसा तुमचाच कॅन्सल होईल, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. काकांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने माझ्याकडे खुर्ची सरकवून हळूच म्हणाले, "माझं इंग्लिश जेमतेम. तिकडच्या सर्व्हेवाल्यांना पाटाचं विचारणारा मेल तू लिहून दे, खाली नाव माझं घाल."

चार दिवस उत्तर नाही. काका नेहमीसारखे काम करत होते, पण डबा अर्धा परत जात होता. पाचव्या दिवशी तिथल्या सर्व्हेअर बाईंचा मेल आला. त्या गमबूट घालून स्वतः गेल्या होत्या. झुडपांखाली पाट होता, तळाला ओल होती. पुराचं पाणी त्यातून शिरून बांधाच्या मागून त्या तीन घरांवर आलं असतं. एका घरात एकट्या आजी राहत होत्या.

मॅनेजरनी मेल दोनदा वाचला. मग काकांच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "दळवीजी, वो बुजा मतलब क्या?" आणि सगळ्यांसाठी खालून कडक चहा मागवला.

तेव्हापासून नवा सर्व्हे आला की मी आधी जुना नकाशा मागवते.

पुढच्या वर्षी काका रिटायर झाले. गावी जाण्याआधी, त्या सर्व्हेअर बाईंनीच आग्रहाने बोलावलं म्हणून, काकूंना घेऊन चार दिवस तिकडे गेले. एका दुपारी त्यांचा फोन आला. खाली गॅरेजात ठोकाठोक चालू होती, म्हणून मी जिन्यात जाऊन दार लावून घेतलं.

"सायली, काही बोलू नकोस. ऐक."

फोनमधून नुसता खळखळाट येत होता. मध्येच काकूंचा आवाज: "अहो, पुढे जाऊ नका, शेवाळं आहे!" खळखळाट थांबेना. मग काका बोलले.

"दोन वर्षं हिचं वळण न् वळण काढलं गं मी. ही इतकं बोलते, हे मला ठाऊकच नव्हतं."