फणसाचा चीक आणि रेशमाचे टाके

आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. कॉलेजात दोन वर्षं काढली म्हणून डॉक्टरांच्या कामाबद्दल लिहावं, हा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी तो पोटात घालावा.

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. शेजारच्या लग्नात तिने कडेवर घेतलेल्या कोणाच्यातरी बाळाने तिची नथ ओढली आणि नाकपुडी खालपर्यंत फाटली. आईने लगेच फणसाचा चीक लावून ती चिकटवली. जखम सुकली, पण फट तशीच राहिली. बहीण पदराने नाक झाकून वावरू लागली. शेवटी आई तिला घेऊन मालवणजवळच्या आमच्या गावाहून मी शिकत होतो त्या कोल्हापूरला आली.

तिथल्या डॉक्टरांसमोर आई रडवेली झाली. "चीक मीच लायलंय, डॉक्टरानू. फुटलेला मडका जुळता, मगे नाक कित्याक जुळूचा नाय, असा वाटला."

"मडक्याला नवी कातडी फुटत नाही, बाई," डॉक्टर हसले. "चीक दोन कडांच्या मधे जाऊन बसला. कडा भेटल्याच नाहीत."

मी चाचरत विचारलं, "परदेशात जखमा चिकटवायचं औषध निघालंय म्हणतात. ते नाही का चालणार?"

मला वाटलं, रागावतील. पण ते शांतपणे म्हणाले, "करून पाहताहेत. कदाचित तुमच्या मुलांची नाकं तसंच कोणी चिकटवील. पण तेही वरूनच लावायचं, आत गेलं की चिकासारखंच आडवं येणार. आणि इथे आतले थर आधी जुळवायला हवेत. त्याला टाकेच."

ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला दाराशी उभं राहू दिलं. जुने व्रण कापून त्यांनी कडा ताज्या केल्या. मग केसाहून बारीक रेशीम आत गेलं, बाहेर आलं. आमच्याकडे जाळी विणणारे हात मी पाहिले होते, पण हे हात जणू श्वासावर चालत होते. नाकपुडीची गोल कड हळूहळू पुन्हा उमटली. माझे हात आपोआप जोडले गेले.

टाके मालवणच्या दवाखान्यात काढायचं ठरलं. दोघी एस.टी.ने परतल्या. माझी परीक्षा सुरू झाली, पण घाटातल्या धक्क्यांनी टाके उसवले तर, हीच धास्ती मनात होती.

अखेर काजू विकायला आलेले शेजारचे काका खोलीवर आले.

"काका, नाक?"

"अरे, बस तरी म्हण! टाके काढल्यानी. खंय फाटलेला ता सांगूक येवचा नाय. तुझी बहीण आरशासमोरसून हलणा नाय. डॉक्टर म्हणता, इतक्यात परत टोचूचा नाय. म्हणान तुझ्या आवशीन लग्नाक सोनाराकडे न टोचता बसणारी दाबाची नथ करूक टाकल्यान."