मागच्या खुर्चीवर बस

माझ्या आत्याला सगळे हेडमास्तर म्हणतात. तिने शाळेत कधी शिकवलेलं नाही. ती आमच्या आमदारबाईंचं ऑफिस सांभाळते. बाई आता पर्यावरण मंत्री झाल्यात, पण शनिवारी बसतात तिथेच. पूर्वी तिथे लॉन्ड्री होती, भिंतींना अजून साबणाचा वास येतो. खऱ्या हेडमास्तरांशी माझं नववीतच फाटलं. या हेडमास्तरबद्दल मात्र कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही, आधीच सांगून ठेवते.

ऑफिसचा नियम एकच, आणि तो आत्याचा. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग आहे. नवीन माणूस सगळ्यात मागे बसतो. पुढचा आत गेला की सगळे एकेक खुर्ची सरकतात. आतलं दार उघडंच, म्हणजे ज्याचं त्याचं गाऱ्हाणं सगळ्यांना ऐकू येतं. नगरपालिकेचा अध्यक्ष एकदा फुगून म्हणाला, "मला ओळखलं नाही वाटतं."

"ओळखलं ना. म्हणून तर धड खुर्ची दिली. बाकीच्या डुगडुगतात."

एका शनिवारी माझे बाबा मागच्या दाराने आले. बाबांचा ओढ्याकाठी कापड रंगवायचा कारखाना आहे. मीही तिथेच कापड वाळत घालते, शनिवारी मात्र आत्याच्या हाताखाली असते. रंगाचं पाणी सरळ ओढ्यात जायचं. पाणी साफ करायची टाकी बसवा, नाहीतर कारखाना बंद करू, अशी खात्याची नोटीस आली होती. बाबांनी मुदत मागून मागून दिवस ढकलले. आता शेवटचा अर्ज बाईंच्या टेबलावर होता. बाई नाही म्हणाल्या की कारखान्याला टाळं, आणि आमचं घर त्यावरच चाललेलं.

"ताई, तू फक्त तिच्या कानावर घाल," बाबा म्हणाले. "तुझा शब्द ती मोडत नाही."

आत्या कप विसळत होती. "म्हणूनच मी तो कुठेही टाकत नाही."

"अगं, सख्खा भाऊ आहे मी तुझा."

"ते तू मला सांगतोस? तुझं शेंबडं नाक पुसण्यात माझं बालपण गेलं. जा, मागच्या खुर्चीवर बस."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बघ तुझी आत्या."

"बघतेय," मी म्हटलं. "बसा तुम्ही."

बसले. शेजारी रोपवाटिकेवाली बाई होती, ओढ्याच्या खालच्या अंगाची. तिच्या मांडीवर बाटली, बाटलीत निळं पाणी.

"तुमचं काय काम, काका?"

"असंच."

"माझं हे." तिने बाटली हलवून दाखवली. "परवा लाल होतं. फुलं उमलायच्या आधीच रंगवून मिळतात आम्हाला." रांगेत दोघं-तिघं हसले. "रोपं जळाली त्याचं सोडा. धाकट्याच्या अंगावर पुरळ उठलंय, रात्रभर खाजवतो."

बाबा बाटलीकडे बघतच राहिले. तो निळा त्यांनी स्वतः कालवला होता. आमच्याकडे रंग दुसरं कुणी कालवतच नाही.

"सरका," आत्या म्हणाली. ती बाई एक खुर्ची पुढे, बाबा तिच्या मागे. परत सरका. बाटली काही पाठ सोडेना. दार समोर होतं, उठून जाता आलं असतं. मला वाटलं आता उठतील. पण उठले नाहीत.

मग त्या बाईची पाळी आली. तिने आत सगळं सांगितलं, पोराच्या पुरळासकट. मंत्रीबाईंनी विचारलं, "कारखाना कुणाचा?"

"कुणास ठाऊक. जावं तेव्हा मालक बाहेर गेलेला असतो. भेटतच नाही."

"भेटतोय," बाबा खुर्चीवरूनच म्हणाले, आणि उठून आत गेले.

मंत्रीबाईंनी अर्ज पुढे ओढला. "तुम्हाला मुदत हवी होती ना?"

"हवी होती. आता नको. टाकी बसेपर्यंत रंगाचं काम बंद. माणसांना कापड कापायला, घड्या घालायला लावतो."

"टाकी बसली की खात्याचे लोक पाणी तपासतील, मग परवानगी. हेडमास्तरांचा भाऊ म्हणून एक दिवसही लवकर नाही."

"आणि उशीरही नाही," आत्या बाहेरून म्हणाली.

बाबा तिच्याकडे न बघता निघून गेले. आत्या परत कप विसळायला लागली. तोच कप, कितीतरी वेळ. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाली, "उभी काय राहिलीस? खुर्च्या नीट लाव."

पुढे बाबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. घरात ओढाताण झाली, आईने हात आखडता घेतला. गल्लीतला एक जण म्हणाला, हेडमास्तरने भावाचं घर बुडवलं. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

आता टाकी बसलीय. गेल्या शनिवारी बाबा पुढच्या दाराने आले, हातात टाकीतल्या पाण्याची बाटली. पाणी स्वच्छ होतं, उजेडात धरलं तर किंचित गुलाबी. तेवढं चालतं की नाही, ते खातं ठरवणार. कुणी न सांगता ते मागच्या खुर्चीवर बसले.

आत्याने त्यांना चहा आणून दिला. रांगेतल्या माणसाला ती पाणीसुद्धा विचारत नाही.

"हे नियमात बसतं का?" मी विचारलं.

"चहा भावाला दिलाय," ती म्हणाली. "खुर्ची कारखानदाराला."

बाबांनी घोट घेतला. तेवढ्यात पुढचा माणूस आत गेला, आणि ते कप सांभाळत एक खुर्ची सरकले.