रोज एक हार

माझी मुलगी अठरा वर्षांची व्हायला तीन महिने राहिले, तेव्हा वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं. पोटगीच्या जुन्या हुकुमात ‘सज्ञान होईपर्यंत’ असं लिहिलेलं. पुढे चालू ठेवायची तर नवा अर्ज करायचा, आणि त्यात लिहायचं की बौद्धिक अपंगत्वामुळे मुलगी स्वतःचं पोट भरू शकत नाही, पुढेही भरू शकणार नाही.

“असं कसं लिहू? हार करती ती माझी,” मी म्हणाले.

वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “ते कोर्टात बोलू नका.”

तिचे वडील मनमाडला रेल्वेत. ती सहा वर्षांची असताना आम्ही वेगळे झालो. माणूस वाईट नाही, घाबरट. तिला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की त्यांना हमखास ड्यूटी निघायची. पैसे मात्र दर महिन्याला न चुकता पाठवत आले. मला तर त्या वक्तशीरपणाचाही राग यायचा. एखादा महिना चुकले असते तर मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

आमच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो, तिच्या घाटावर माझं फुलांचं दुकान आहे. फुलं मखमलाबादहून, भावाच्या मळ्यातून येतात. शाळा कायमची सुटल्यापासून मुलगी माझ्याशेजारी बसून झेंडूचा हार ओवते. प्रत्येक फूल चारही बाजूंनी बघते, पाकळी फाटलेली असली तर बाजूला ठेवते, आवडलं तर “बस इथं” म्हणून सुईत घालते. माझे चाळीस हार होतात तेव्हा तिचा एक होतो. तो कधी मारुतीला पुरेल एवढा, तर कधी बाटलीच्या गळ्यात बसेल एवढा. गिऱ्हाईक तो हातात घेतं आणि परत ठेवतं. तिचा पडलेला चेहरा मला बघवेना.

म्हणून मी एक सोंग उभं केलं. शेजारी नारळ विकणाऱ्या मावशींच्या हातात सकाळी वीसची नोट सरकवायची. संध्याकाळी मावशी ऐटीत येणार, हार उलटापालटा करणार आणि म्हणणार, “पंधराला दे की गं.”

“वीस. लय मेहनत हाय,” माझी लेक ठणकावणार.

चार वर्षं हे चाललं. मावशी तो हार नेऊन खरंच घरच्या देवाला घालत. अशी माणसं शेजारी मिळाली म्हणून मी टिकले.

अर्ज शेवटी केलाच. तारखेला तिच्या वडिलांच्या वकिलांनी उभं राहून सांगितलं की मुलगी स्वतः कमावते. वडील दिवाळीत भेटायला आले होते, त्यांनी तिला हार विकताना डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या सोंगाला भलताच माणूस भुलला होता.

जज मॅडमनी मुलीला जवळ बोलावलं. “काय करतेस बाळा तू?”

“हार करते. रोज एक इकते. मावशी घेती.” असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. शाबासकी हवी असली की ती तसं बघते.

“खरं आहे का हे?” मॅडमनी मला विचारलं.

वकीलबाई मागून माझा पदर ओढत होत्या. मला सगळं कळत होतं. तिच्या औषधांचा, थेरपीचा, उद्याचा सगळा भार त्या एका उत्तरावर होता. पण ती बघत होती. माझ्या तोंडून निघालं, “हो मॅडम. विकते.”

मॅडमनी एकदा मुलीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग महिला शिपायाला म्हणाल्या, “हिला जरा पाणी पाजून आणा.” दार लागल्यावर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग मी वीसच्या नोटेपासून सगळं सांगितलं.

तिचे वडील उभे राहिले. “मला खरंच वाटलं होतं,” ते म्हणाले. “मी मनमाडला सगळ्यांना सांगितलं, माझी लेक कमावती झाली.” मग वकिलांकडे वळून म्हणाले, “आपली हरकत नाही म्हणून लिहून द्या.” चष्मा पुसायला त्यांना रुमाल सापडत नव्हता.

बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “आन मावशींचं कमिशन?”

“रोज एक चहा.”

बारा वर्षांत आम्ही पहिल्यांदा एकत्र हसलो. त्या क्षणी मला ते आवडले, उगाच नाही कशाला म्हणू?

महिनाभराने हुकुमाची प्रत आली. मुलगी मांडीला मांडी लावून बसली. “माझं काय लिहिलंय? वाच.”

त्यात असमर्थ, अवलंबून, कायमस्वरूपी असले शब्द होते. कागद डोळ्यांसमोर धरून मी वाचलं, “मुलगी हार फार छान करते. आईवडिलांनी तिला जन्मभर सांभाळायचं.”

ती खूश झाली. मग बोट कागदावर ठेवून तिने विचारलं, “कोणाच्या जन्मभर? तुझ्या का माझ्या?”

“तुझ्या,” मी म्हणाले. कोर्टात खरं सांगताना जीभ अडखळली नव्हती एवढी हे सांगताना अडखळली.