डिस्कची चकचकीत बाजू

आमच्या घरात सगळे सासूबाईंना भितात आणि सासूबाई फक्त धुळीला. म्हणून त्यांच्या भरतकामाच्या मशीनवर कायम एक जुनी दुलई असायची. मशीन बंद पडलं ते मात्र धुळीनं नाही, आबांच्या तोंडानं.

आबा म्हणजे माझे सासरे. जळगावात पाइपच्या कारखान्यात फिटर होते, पण बोली अजून धुळ्याकडचीच. एका दुपारी मशीनच्या आवाजानं त्यांची झोपमोड झाली आणि ते बोलून गेले, "रिकामी बाईनी टिकटिक शे हाई!" झालं! सासूबाईंनी पिशवी भरली आणि तडक धुळ्याला भावाचं घर गाठलं. दसराही तिकडेच केला. परत आल्या, पण मशीनवरची दुलई काही निघाली नाही. पुढे मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटरही वापराविना मेला.

यंदा बोदवडचा एक शिंपी मशीन विकत मागायला लागला. सासूबाई त्याला हो म्हणाल्या आणि मग चहा गार होईपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. शेवटी मला म्हणाल्या, "तो संध्याकाळी येणार आहे. त्याआधी तुझ्यानं काही होतंय का बघ. नाही झालं तर जाऊ दे." त्या 'जाऊ दे'त इतका जीव अडकलेला होता की मला नाही म्हणवेना.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे घरात मिक्सर बिघडला तरी हाक मलाच. भरतकामाचा तो प्रोग्राम जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. मी ऐटीत सांगितलं, "सोपं आहे आई. माझ्या लॅपटॉपच्या पोटात दुसरा, नुसता भासणारा कॉम्प्युटर तयार करते. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तुमच्या डिस्कवरून त्यात जुनं विंडोज चढवलं की झालं."

सासूबाईंनी कपाटातून डिस्क काढली आणि स्वतःच ड्राइव्हमध्ये बसवली. मी भरताची वांगी सोलत होते ना, माझ्या हातांवर त्यांचा भरवसा नव्हता.

ते भासणारं मशीन सुरू केलं. काळा पडदा, आणि त्यावर एकच ओळ: सुरू करण्यासाठी डिस्क सापडली नाही. म्हटलं, आधी हार्ड डिस्क बघत असेल. क्रम बदलला, डिस्क पहिली लावली. तीच ओळ. ड्राइव्ह आतल्या कॉम्प्युटरला जोडलाय का पाहिलं, तर सेटिंगमधल्या चौकटीत खूणच केलेली नव्हती. वा रे प्राध्यापिका! खूण केली. तीच ओळ. चिडून सगळं पुसलं आणि पहिल्यापासून केलं. तरी तीच ओळ.

"काय व्हयनं?" आबांनी शेंगा फोडता फोडता विचारलं.

"आतल्या कॉम्प्युटरला डिस्क दिसत नाहीये, आबा."

"घरमा घर बांधं, अन् दारच नही ठेवं!" आबा स्वतःच्याच विनोदावर मनसोक्त हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. मशीनला तेल देऊन बसल्या होत्या, त्या उठल्या आणि दुलईची घडी उलगडायला लागल्या. "राहू दे गं. तू तरी किती डोकं फोडशील."

ते काही मला बघवलं नाही. मी खसकन ड्राइव्ह उघडला, डिस्क बाहेर काढली आणि उलटी केली. चकचकीत बाजूवर, अगदी मधल्या भोकाजवळ, जिथून वाचायला सुरुवात होते तिथेच, हळदीकुंकवाची ठळक बोटं! वर एक अक्षतही चिकटलेली.

मी कपाळाला हात लावला. "आई! डिस्कची पूजा? आणि तीही या बाजूनं?"

"मी नाही केली," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "केली असती तर छापलेल्या बाजूनं केली असती. एवढं कळतं मला."

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला होता. आम्ही दोघींनी आबांकडे पाहिलं.

"तू तं धुळ्याले व्हती," आबा टरफलांकडे बघत म्हणाले. "दसराले मना पाना-हातोड्यास्नी पूजा कयी. मंग तुना वस्तू तश्याच कश्या ठेवतू? माले वाटनं, चकचकीत शे तेच तोंड."

"रिकाम्या बाईच्या टिकटिकीची पूजा?"

आबा जमिनीवर नसलेली टरफलं गोळा करायला लागले.

मी ओलं फडकं आणलं, तर सासूबाई म्हणाल्या, "थांब." त्यांनी डिस्क हातात घेतली, बोट ओलं केलं, ते वाळलेलं कुंकू हळूहळू सोडवलं आणि आपल्या कपाळावरची टिकली काढून तिथे लावलं. मग डिस्क माझ्या हातात दिली.

"पूस आता नीट," त्या म्हणाल्या. आणि आबांकडे न बघता, "अहो, त्या बोदवडच्याला फोन लावा. म्हणावं, येऊ नको, मशीन कामात आहे."

आबांनी लगबगीनं फोन शोधला. डिस्क तर अजून न पुसलेली माझ्या हातातच होती.