सायराकान आपांचे उघडे डोळे

आमच्या किर्गिझस्तानातल्या अट-बाशी गावात एसेनकुलला न ओळखणारा माणूस सापडणार नाही, आणि त्याच्याशी एकदाही न भांडलेला तर मुळीच सापडणार नाही. धंद्याने फोटोग्राफर, पण गिऱ्हाइकाला खूश ठेवायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. लग्नघरी तो आला की आधी सामान उतरायचं: पेटीएवढा लाकडी कॅमेरा, त्याचा चामड्याचा भाता, तीन पायांची घोडी, काळं कापड. हे सगळं मांडून होईपर्यंत नवरी घामाघूम व्हायची आणि पिठाचे तळलेले बोर्सोक गार पडायचे. "बाइके, अहो दादा, आटपा की लवकर!" असं कुणी म्हणालं की हा कापडाखालूनच ओरडायचा, "घाई असेल तर आरशात बघून घे! फुकट आहे!"

तरी लोक त्यालाच बोलवत. कारण त्याचा फोटो भिंतीवर लागला की आजोबांच्या टोपीचा टाका न् टाका मोजता यायचा. त्या कॅमेऱ्यात फिल्मच तळहाताहून मोठी. लहान फोटो ताणून मोठा केला की चेहऱ्याचा सांजा होतो, असं तो म्हणायचा. धावपळीच्या जागी नेण्यासाठी त्याच्याकडे एक मधल्या आकाराचा कॅमेराही होता, चौकोनी डबा. त्याच्यात वरून, मान खाली घालून बघावं लागतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो फार आवडायचा. समोरचा माणूस आपल्यापुढे वाकतोय, मग फोटो काढतोय, यात त्यांना मान वाटायचा. "माझा कॅमेरा नव्या सुनेसारखा आहे," एसेनकुल मिशीत हसायचा, "आधी मुजरा, मग काम." खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र त्याने जन्मात हात लावला नाही. म्हणजे, एकदा लावला होता. तीच तर गोष्ट आहे.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी तो नारिन शहरातल्या फोटो स्टुडिओत नवाच लागला होता. मिसरूड फुटलेलं, अंगात मस्ती. स्टुडिओत नुकताच झगझगीत दिव्याचा छोटा कॅमेरा आला होता आणि जुना लाकडी कॅमेरा कोपऱ्यात कोट टांगायला ठेवला होता. तेव्हा पासपोर्टच्या फोटोसाठी सायराकान आली. नऊ मुलांची आई, मेंढ्यांच्या कळपामागे चालून चालून तोंड रापलेलं, आवाज खणखणीत. एसेनकुलने बटण दाबलं, दिवा चमकला, सायराकानचे डोळे मिटले. पुन्हा चमकला, पुन्हा मिटले. सारी दुपार तेच. शेवटी ती उठली, डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या पोराला डोळे असतील, हात नाहीत."

रांग खो खो हसली. त्यातल्या त्यात कमी मिटलेला फोटो पासपोर्टावर लागला. एसेनकुलच्या मनात मात्र ते वाक्य सलत राहिलं, ते कायमचं. दुसऱ्या दिवशी त्याने कोपऱ्यातल्या लाकडी कॅमेऱ्यावरचे कोट खाली काढले आणि जुन्या उस्तादाला म्हणाला, "मला हा शिकवा." पुढे सोव्हिएत देश मोडला, स्टुडिओ बंद पडला. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पडदे नेले. एसेनकुल तो कॅमेरा पाठीवर मारून घरी आला, तेव्हा त्याची बायको गुलसुन दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली. "लोकांनी निदान बसायला काहीतरी आणलं हो!"

इकडे सायराकानचे डोळे काही उघडेनात. बहुप्रसवा मातेचं पदक मिळालं तेव्हा वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, गाढ झोपेतला. मुलांच्या लग्नांत झोपलेली, नातवंडांच्या मोबाइलमध्ये झोपलेली. 'कट्' आवाज झाला की पापणी खाली, जशी कुणी दोरी ओढावी. ती सगळ्यांची सायराकान आपा झाली, पतवंडं मांडीवर खेळली, तरी जगात तिचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नव्हता.

आपांना नव्वद वर्षं पूर्ण झाली. थोरला मुलगा जोलचू, स्वतः आता पांढऱ्या दाढीचा, त्याने गावाबाहेरच्या कुरणावर मोठा तोय, म्हणजे मेजवानीचा सोहळा, ठरवला. शर्यती, कुस्त्या, तीन घोडे कापायचे. बिश्केकहून उडता कॅमेरा घेऊन अझात नावाचा हसरा माणूस बोलावला. सगळं ठरल्यावर आपांनी काठी आपटली.

"माझा फोटो त्या भांडखोर एसेनकुलने काढायचा."

"आपा, तो संध्याकाळपर्यंत मांडामांडच करत बसेल," जोलचू म्हणाला.

"बसू दे. तो फोटो दगडासाठी आहे."

सगळ्यांची तोंडं उतरली. आमच्याकडे कबरीच्या काळ्या दगडावर माणसाचा चेहरा कोरतात, अगदी फोटो असतो तसा. आपा म्हणाल्या, "तोंड का पाडता? आज नाही मरत. पण दगडावर मला डोळे उघडे हवेत. भेटायला कोण आलं, कोण नाही, ते दिसायला नको?"

निरोप मिळाला तेव्हा एसेनकुल फुशारून गेला. गल्लीभर सांगत सुटला की घोडामैदान जवळच आहे, बघाच. घरात मात्र त्याने ताट बाजूला सारलं. "ह्या खेपेलाही मिटले तर?" तो गुलसुनला म्हणाला. "मग म्हातारी तशीच दगडात जाईल, गुलसुन. आणि मी बिनहाताचाच मरेन."

त्याच्याकडे मोठ्या फिल्मचे दोनच तुकडे उरले होते. जुनी, मंद फिल्म, चांगला 'एक... दोन' म्हणेपर्यंत उजेड पाजावा लागायचा. आणि हीच त्याची आशा होती. पापणी लवते ती डोळा मिटून उघडण्याएवढी. सावकाश फोटोत ती उमटतच नाही. वाऱ्यावरच्या माशीचा काय फोटो निघणार! शिवाय ह्या कॅमेऱ्याला बटण नाही, 'कट्' नाही. भिंगावरचं झाकण काढायचं, परत लावायचं, बस्स. फक्त समोरच्यांनी हलता कामा नये. आता कुरणावरच्या दीडशे किर्गिझांना हलू नका म्हणणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

तोयच्या दिवशी भांडण सुरू झालं ते कोणी कुठे बसायचं यावरून. थोरल्या घराण्याचे धाकटे पुढे, की धाकट्या घराण्याचे थोरले? दोन व्याही तर एकमेकांच्या कॉलरला हात घालायच्या बेतात. एसेनकुलने कापडातून डोकं बाहेर काढलं. "अरे, मटण वाटताना मानाप्रमाणे कुणाला कुठलं हाड मिळतं ते तर ठाऊक आहे ना? तसे बसा! मांडीच्या हाडवाले मधे, फासळीवाले मागे, आणि ज्यांना नुसता रस्सा मिळतो त्यांनी गवतावर!" लोक हसत हसत झटकन जागेवर बसले. मधोमध खुर्चीवर आपा, पांढराशुभ्र एलेचेक डोक्याला गुंडाळून, छातीवर पदक.

अझातने तोवर वरून, खालून शेकडो फोटो काढले होते. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाइके, सगळ्यांत आपांचे डोळे मिटलेलेच आहेत हो. मी तर हात टेकले."

एसेनकुलने कापडात शिरून कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर पाहिलं. सगळं गणगोत उलटं लटकलेलं, मधे आपा, चिमुकल्या पण स्पष्ट. तो बाहेर आला. "कुणी हलायचं नाही! श्वाससुद्धा माझ्या परवानगीने!" कुरणावर अशी शांतता पसरली की दूरच्या घोडीचं फुरफुरणं ऐकू आलं. त्याने झाकण काढलं.

आणि आपांना काय वाटलं? दीडशे माणसं आपल्याभोवती चिडीचूप बसलीत, म्हणजे दुवाचीच वाट बघतायत. दुसरं काय असणार? त्यांनी दोन्ही तळवे पसरले, तसे सगळ्यांनीच पसरले. "कढई भरलेली राहो, ओमीन!"

"ओमीन!" दीडशे माणसांनी एका झटक्यात तोंडावरून हात फिरवले. आणि एसेनकुलनेही! जन्माची सवय, त्याचा हात झाकणासकट तोंडावरून गेला आणि झाकण गवतात पडलं. ते सापडेपर्यंत भिंग उघडंच.

पहिली फिल्म गेली. हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एसेनकुल तांबडालाल झाला. जोलचू उठला. "पुरे आता. मांस गार होतंय. आपा, चला."

"बस खाली," आपा म्हणाल्या. जोलचू बसला.

एसेनकुल गवतात गुडघ्यांवर तसाच होता. पंचेचाळीस वर्षांनंतर पुन्हा तीच बाई, पुन्हा तेच हसू. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत्ता दुवा देताना आपा सरळ समोर बघत होत्या की! आणि तळवे पसरून बसलेला एकही माणूस हलला नव्हता, ओमीन येईपर्यंत. कुठल्याही फोटोग्राफरच्या ओरडण्याने लोक इतके स्थिर बसले नसते.

तो आपांपुढे गेला आणि वाकला. "आपा, आणखी एक दुवा द्या. लांबलचक. माझ्या ह्या हातांसाठी."

आपांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यांना ते जुनं वाक्य आठवलं की नाही, देव जाणे. "देते," त्या म्हणाल्या.

एसेनकुलने दुसरी फिल्म चढवली आणि गुलसुनला हाक मारली. "इकडे ये. माझा डावा हात धर. घट्ट. आणि मी झाकण लावेपर्यंत उजवा वर गेला तर चाव!"

"इतकी वर्षं वाट बघितली ह्या परवानगीची," गुलसुन म्हणाली आणि तिने मनगट पकडलं.

दीडशे जोड तळवे पसरले. आपांचा खणखणीत आवाज कुरणावर घुमला. "एसेनकुल, तुझ्या उंबऱ्याला पाहुण्याचे पाय लागोत. तुझ्या घोड्याचा खूर बर्फावर न घसरो. ज्या हातांनी आमची तोंडं जपलीस, त्या हातांना थरथर न शिवो..."

तो ऐकता ऐकता विरघळायला लागला होता. गुलसुनने नख रुतवलं. त्याने झाकण काढलं. एक... दोन... झाकण लावलं. आपांची पापणी मधे एकदा लवली, ती त्याने पाहिली, आणि त्याला तिचं काडीचंही भय वाटलं नाही.

"ओमीन!" सगळं कुरण म्हणालं. फक्त दोघांनी तोंडावरून हात फिरवला नाही. एकाचा हात धरलेला होता आणि दुसरी तो धरून होती.

दुसऱ्या दिवशी तळघरात, रसायनाच्या ताटलीत फिल्मवर चित्र उमटलं तेव्हा एसेनकुलने आधी मधली खुर्ची शोधली. मग त्याने ओले हात पुसले, गुलसुननेही पुसले, आणि दोघांनी तिथेच, बटाट्यांच्या पोत्यांमध्ये उभं राहून आपलं राहिलेलं ओमीन म्हणून घेतलं. मग तो गल्लीत धावला आणि ज्याच्या-त्याच्या दारावर थाप मारत ओरडला, "उघडे आहेत! उघडे आहेत!" लोकांना वाटलं, दुकानांबद्दल बोलतोय.

फोटो टेबलाएवढा मोठा करून त्याने आपांच्या घरी नेला. जोलचूने भिंग आणलं. आपांनी ते डोळ्याला लावलं आणि रांगेरांगेने सगळा गोतावळा तपासला. "हा आला होता होय? ही मला भेटलीच नाही. जोलचू, अरे, तुझ्या पाटलोणीचं बटण बघ!" जोलचूने मान खाली घातली. सगळ्यात शेवटी भिंग मधल्या खुर्चीवर आलं. तिथून आपा आपांकडे बघत होत्या, टक्क, निर्भय, जरा दटावल्यासारख्या.

आपांनी भिंग आणखी जवळ नेलं. "इतकी वर्षं मी सगळ्यांना असं बघत होते?" त्या म्हणाल्या. "मग कुणी माझ्याशी खोटं कसं बोललं रे?"

मग त्यांनी भिंग खाली ठेवलं, एसेनकुलचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटसुलट केले, औषधांनी काळी पडलेली नखं पाहिली. बाहेर गल्लीत ऐकू जाईल अशा त्याच जुन्या आवाजात त्या म्हणाल्या,

"आहेत. ह्या पोराला हात आहेत."

पासष्ट वर्षांचं ते पोर लहान मुलासारखं रडलं, आणि कुणी हसलं नाही.

फोटो आता आपांच्या भिंतीवर आहे, बरोबर दारासमोर. दगड कोरणारा दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा आपांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "दगडाला कसली घाई?" त्या म्हणतात. "सध्या इथूनच दिसतंय सगळं."