चिमाबाईंचा मंगळवार

चिमाबाईंना राग येतो असं म्हणणं बरोबर नाही. त्या रागातच राहतात, अधूनमधून हसायला बाहेर येतात. लोणावळ्याच्या तुंगार्लीतले बंगले साफ करून त्यांना बावीस वर्षं झाली. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, ओले टॉवेल गाद्यांवर फेकतात, कोंबडीची हाडं कुंड्यांत खोचतात आणि निघून जातात. सोमवारी ते सगळं चिमाबाई उचलतात. त्यांना 'मावशी' म्हणून हाका मारणाऱ्या एकानेही कधी नाव विचारलेलं नाही. मूळच्या त्या बेडसे गावच्या. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, तो गेला. दोन्ही मुली त्यांनी शिकवल्या, पण स्वतःला अक्षर येत नाही, आणि त्याचाही त्यांना राग आहे.

मी एका संस्थेत समाजकार्यकर्ती आहे. तीन वर्षांपूर्वी इथे महिलांचा गट उभा करायला मला पाठवलं, तर गट आधीच उभा होता. बंगल्यांवर मंगळवारी काम कमी असतं. त्या दुपारी नऊ बायका बुद्धविहाराच्या ओसरीवर गोल करून बसायच्या. त्यांचा एकच नियम होता. जिची अडचण असेल तिने ती सांगायची नाही, शेजारी बसलेलीने सांगायची.

"आपलं आपण सांगाया गेलं की बाई निम्मं गिळती," चिमाबाईंनी मला समजावलं होतं. "शेजारणीला समदं ठावं आसतं. ती गिळत न्हाई."

मी अहवालात लिहिलं, 'गटकार्य सुरू केले.' बेशरमपणाच तो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका बंगल्यात पाहुण्याचं घड्याळ हरवलं. बंगला सांभाळणाऱ्या हनुमंतने सविताचं नाव घेतलं, कारण शेवटची खोली तिने झाडली होती. सविता नवलाख उंबरे गावाहून लग्न होऊन लोणावळ्यात आलेली, पंचविशीची, आवाज न चढवणारी पोर. ती सोमवारी रडत माझ्या कार्यालयात आली. मी दार लावून घेतलं. गोपनीयता पाळायची, समोरच्याचा निवाडा करायचा नाही, हे मला कॉलेजात शिकवलेलं. म्हणून घड्याळ घेतलं की नाही, हे मी तिला विचारलंच नाही.

मी हनुमंतला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, दोन ओळींची माफी लिहून द्या, विषय संपला. पोलीस वगैरे काही नाही."

मी झटकन लिहून टाकलं, 'माझ्याकडून चूक झाली आहे. पुन्हा असे होणार नाही.' सविताने पेन हातात धरलं आणि थांबली.

"ताई, पन मी..."

"अगं, काम वाचेल तुझं. कर सही. आणि उद्या बायकांत बोलू नकोस, उगाच चर्चा होईल."

तिने सही केली. त्याच संध्याकाळी हनुमंतने त्या कागदाचा फोटो बंगलेवाल्यांच्या वॉट्सॲप ग्रुपवर टाकला; काही कामवाल्या बायकाही त्यात होत्या. मंगळवारी दुपारपर्यंत सविताच्या हातचे चारही बंगले गेले. घरी सासू तिच्याशी बोलेना.

ओसरीवर सविताच्या शेजारी भामाबाई बसली होती. सांगायची पाळी तिची. तिने नुसता मोबाइल पुढे केला. "मी काय सांगू? मला कुनी काय सांगितलंच न्हाई."

एकीने फोटोतला तो कागद वाचून दाखवला. चिमाबाई माझ्याकडे वळल्या.

"एवढी शुद्ध भाषा आमची सविता कवा बोलती गं? ह्ये तू लिवलंस."

मी गोपनीयतेचं सांगू लागले. त्यांनी मला अर्ध्यातच तोडलं.

"कुनाचं झाकत हुतीस? आमच्यापास्नं झाकलंस आन् चोरांम्होरं उघडं टाकलंस. आमी नऊजनी हितं काय हवा खायला बसतो व्हय? तिला एकटीला आत घेतलीस, दार लावलंस. एकटी बाई सही करनार न्हाई तर काय करनार?"

 मी म्हणाले, "मी उद्या जाऊन मालकांशी बोलते."

"पुन्ना एकटीच जानार! बस खाली."

शनिवारी सकाळी नऊ जणी त्या बंगल्याच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला बसल्या. मीही बसले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. नऊ जणींच्या हातात मिळून वीसेक बंगले होते आणि त्या दिवशी एकाही पलंगाची चादर बदलली गेली नाही. पाहुणे दुपारी एकला येणार होते. हनुमंतची पळापळ सुरू झाली.

"बाकीच्या आत या. हिचं मी नंतर बघतो," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. खरं सांगते, मला वाटलं होतं की दोघी-तिघी उठतील. घरं सगळ्यांचीच त्या कामावर चालतात. साडेबाराला पहिली गाडी फाटकाशी आली आणि हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा कुठे हनुमंतला मालकाचा फोन आला. चिमाबाईंनी तो स्पीकरवर लावायला लावला.

"मावशी, गैरसमज झाला. मी ग्रुपवर तसं टाकतो."

"गैरसमज कुनाचा? झाड-झुडपाला झाला का?" चिमाबाई ओरडल्या. "न बघता बाईचं नाव घेतलं, आसं लिवा. मी चिमाबाई. मावशी न्हाई."

एक वाजायला पाच मिनिटं असताना ग्रुपवर संदेश आला, 'पुरावा नसताना सविता यांचे नाव घेतले, ही आमची चूक.' तो भामाबाईने दोनदा मोठ्याने वाचला. मग बायका उठल्या आणि केरसुण्या घेऊन आपापल्या बंगल्यांवर गेल्या. घड्याळ कुठे गेलं ते आजतागायत कळलेलं नाही.

संस्थेतल्या मॅडम खूश झाल्या. त्यांनी फॉर्म पाठवला, 'यशोगाथा: वैयक्तिक समुपदेशनातून रोजगार वाचला. लाभार्थी: एक.' मी नऊ नावं लिहिली. फॉर्म परत आला, रकान्यात एकच नाव बसतं म्हणून. मी तो फाडला. त्यावरून मला नोटीस मिळाली आहे, मिळू दे.

पुढच्या मंगळवारी मी ओसरीवर गेले आणि सविताला खुणेनेच बाजूला बोलावलं. चिमाबाईंनी ते पाहिलं.

"आजून खोड गेली न्हाई हिची! काय बोलायचं ते हितं बोल."

मी सगळ्यांसमोर सविताची माफी मागितली. हनुमंतवर विश्वास ठेवला, घाई केली, तुला बोलू दिलं नाही, असं बरंच काही म्हणाले. सविता खाली बघत ऐकत होती. मग तिने मान वर केली.

"ताई, तवा तुमी मला इचारलंच न्हाई. तुमाला काय वाटलं हुतं? मी घेतलं आसंल?"

निवाडा करायचा नाही, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. बाकीच्या आठ जणी माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "वाटलं होतं."

 सविता सरकली आणि तिने भामाबाईच्या आणि स्वतःच्या मध्ये मला बसायला जागा केली.

"बस," चिमाबाई म्हणाल्या. त्यांचा राग अजून गेलेला नव्हता.