मयत एक, चिठ्ठ्या दोन

दफनभूमीच्या क्लार्कने दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. चष्मा कपाळावर चढवला आणि मला विचारलं, "पाळकसाहेब, मयत किती?"

"एक."

"मग चिठ्ठ्या दोन कशा?"

शनिवार होता. अकरा वाजून गेले होते. ऑफिस एक वाजता बंद होणार आणि रविवारी सुट्टी. परळच्या हॉस्पिटलच्या शवागारात दानिएल नावाचा माणूस आदल्या सकाळपासून पडून होता. त्याची बायको मार्थाबाई बाहेर बाकावर बसली होती. तिला नवऱ्याला माती द्यायची होती, दुसरं काही नको होतं.

मी तेव्हा परळ भागातल्या एका मराठी मंडळीचा पाळक होतो. मंडळी म्हणजे चर्चमधली माणसं, पाळक म्हणजे त्यांचा पास्टर. आता रिटायर झालोय. दफनासाठी जी चिठ्ठी लागते ती साधी असते. हा माणूस आमचा आहे, याला जागा द्या, एवढंच लिहायचं. ती मंडळीच्या कमिटीने दिली तरी चालते आणि पाळकाने साध्या कागदावर सही करून दिली तरी चालते. मी अशा चिठ्ठ्या आयुष्यभर लिहिल्या. त्या दिवशीची मात्र लिहिली नाही. का, ते सांगतो.

आमच्या संप्रदायाच्या डोक्यावर दोन कार्यकारिण्या आहेत. दोघी म्हणतात, खरी मीच. कोर्टात केस चालू आहे. वरचं भांडण झिरपत खाली आलं आणि आमच्या एवढ्याशा मंडळीत दोन कमिट्या झाल्या. एकीचा शिक्का गोल, दुसरीचा चौकोनी. लोक एकमेकांना गोलवाले आणि चौकोनवाले म्हणायला लागले. गिरणीत एका साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेल्या माणसांची ही नातवंडं. आता एकाच बाकावर बसायला तयार नाहीत. गोलवाल्यांची उपासना आठला, चौकोनवाल्यांची दहाला. प्रभुभोजनाची भाकर मी दोनदा मोडायचो, कारण एका ताटातली दोघांना चालत नव्हती. अशी नऊ वर्षं गेली. नऊ वर्षं मी हे चालू दिलं, हेही लिहून ठेवतो.

मग एका वर्षी दोन्ही कार्यकारिण्यांनी एकाच महिन्यात सर्क्युलर काढलं. हे मंडळीच्या नवीकरणाचं वर्ष आहे, प्रत्येक मंडळीने आपल्या परिसरात मिशन हाती घ्यावं. मजकूर जवळपास सारखा होता, फरक फक्त शिक्क्याचा. मला वाटलं, हीच संधी आहे.

हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर गावाकडून आलेले पेशंटचे नातेवाईक राहतात. त्यांना दर मंगळवारी सकाळी गरम पेज द्यायची असं मी ठरवलं. आमच्या बायका मूळच्या नगर-जालन्याकडच्या, त्यांना पेज ठाऊक नाही. शेजारच्या मालवणी काकूंनी शिकवली. शिजवायला जागा दिली भोईवाड्याच्या चाळीतल्या सुमनताईंनी. त्या बौद्ध, एका शाळेच्या ऑफिसात कामाला. आमच्यात येऊन "जयभीम, मंडळी" म्हणायच्या आणि बाह्या सरसावून कामाला लागायच्या. माझा नियम एकच होता. प्रत्येक पातेल्याचा एक कान गोलवाल्याने धरायचा, दुसरा चौकोनवाल्याने.

पातेलं गरम असेल तर समोरच्याशी बोलावंच लागतं. आधी "सांभाळून" एवढंच, मग "मुलगी कशी आहे" वगैरे. सहा महिन्यांत दोन्ही उपासनांची माणसं चर्चच्या अंगणात एकत्र चहा प्यायला लागली. मला फार आनंद झाला होता. नंतर जे झालं ते या आनंदानेच झालं.

दानिएल आणि मार्थाबाई मला तिथेच भेटले, दानिएलच्या उपचारासाठी आलेले. जालन्याकडचे, आमच्याच संप्रदायाचे, मूलबाळ नाही. गावात घरचं कुणी उरलेलं नव्हतं. सुमनताईंनी दोघांना आपल्या खोलीत आसरा दिला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी आळीपाळीने डबे नेले. शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलातच दानिएल वारला.

मला चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं लागली असती. पण माझ्या डोक्यात वेगळंच शिरलं. नऊ वर्षांत एका कागदावर दोन्ही शिक्के कधी उमटले नव्हते. या परगावच्या माणसाची चिठ्ठी दोघांनी मिळून दिली तर? मी दोन्ही सेक्रेटरींना संध्याकाळी चर्चमध्ये बोलावलं. गोलवाल्यांचे साळवेसाहेब, बँकेतून रिटायर झालेले. चौकोनवाल्यांचे उजगरेसर, शाळामास्तर. दोघं एकमेकांचे व्याही, हे सांगायचं राहिलं.

"दुःखाच्या प्रसंगी कसला पक्ष आलाय?" साळवे म्हणाले.

"अगदी बरोबर," उजगरे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी मजकूर सांगितला, साळव्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला. दोघांनी हात मिळवले. मग प्रश्न आला, शिक्का वर कुणाचा आणि खाली कुणाचा. मी म्हणालो, शेजारी शेजारी मारा. मग डावीकडे कुणाचा, हा प्रश्न आला. शेवटी असं ठरलं की सकाळी दहाला दफनभूमीच्या ऑफिसातच भेटू आणि तिथे सह्याशिक्के करू. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज काहीतरी मोठं घडलं. ती म्हणाली, "मार्थाबाईंनी जेवण केलं का?" ते मी विचारलं नव्हतं.

सकाळी मी मार्थाबाई आणि सुमनताईंना घेऊन पोचलो. दोघे सेक्रेटरी माझ्या आधीच तिथे हजर होते. वेळ वाचावा म्हणून दोघांनीही आपापल्या लेटरहेडवर आपापली चिठ्ठी करून आणली होती, आणि दोघांनीही ती माझी वाट न बघता क्लार्कला देऊन टाकली होती.

कुणाचाच नकार नव्हता, हे नीट समजून घ्या. आमच्यात मयताला कुणी अडवत नाही. दोघांनाही दानिएल हवा होता. चिठ्ठी ज्याची घेतली जाईल, मंडळी तो चालवतो याचा तो पुरावा, आणि कोर्टाची पुढची तारीख जवळ आली होती.

"दोघांपैकी एकाने मागे घ्या," क्लार्क म्हणाला. "मी अजून पावती फाडलेली नाही. वेळ आहे."

साळवे म्हणाले, "मागे घ्यायला माझी हरकत नाही. पण तसं लेखी दिलं तर ते आमच्या अंगाशी येईल. वकिलांना विचारावं लागेल."

"मग तोंडी घ्या," मी म्हणालो.

"तोंडी कसं? एकदा इनवर्ड झालंय, रजिस्टरात नोंद पडलीय," उजगरे म्हणाले, आणि वकिलाला विचारायला फोन घेऊन बाहेर गेले. साळवेही फोन घेऊन दुसऱ्या दाराने गेले.

मी खिशातून पेन काढलं. क्लार्ककडे कोरा कागद मागितला. "मी पाळक म्हणून देतो. माझ्या सहीवर करा."

त्याने मान हलवली. माणूस वाईट नव्हता. "साहेब, हेच काल दिलं असतंत तर आत्तापर्यंत खड्डा तयार झाला असता. आता माझ्यासमोर दोन कमिट्यांचे कागद आहेत. त्यावर तिसरा मी घेतला तर उद्या कोर्टात मला उभं करतील. काल का नाही आलात?"

मी पेन पुन्हा खिशात ठेवलं.

बारा वाजले. सुमनताई आत आल्या. बाहेर दोन फोनवर काय चाललंय ते त्यांनी ऐकलं होतं. "पाळकसाहेब, एक विचारू? राग मानू नका. तुमच्यात माणूस मेल्यावर आधी देव विचारतो की कमिटी?"

त्यांच्या मागून मार्थाबाई आली. पदर नीट केला आणि हळू आवाजात म्हणाली, "लई झालं, साहेब. कालपून त्यांना त्या थंड खोलीत ठिवलंय. त्यांना थंडी सोसत नव्हती. भोईवाड्यात जाळायची सोय हाय म्हनत्यात सुमनताई. तिथं न्या."

"बाई, सोमवारपर्यंत मी काहीतरी..."

"सोमवारी तरी एक चिठ्ठी व्हईल का?"

मी उठलो आणि शववाहिनीला फोन लावला.

आमच्याकडे दहन चालत नाही असं नाही, पण करत नाहीत. मार्थाबाईच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. दुपारी भोईवाड्याच्या स्मशानात आम्ही नऊजण होतो. सहाजण सुमनताईंच्या चाळीतले. दोन्ही कमिट्यांनी पुष्पचक्रं पाठवली होती. रिबनवर नाव एकच होतं, मंडळीचं. मार्थाबाईने ती भिंतीला टेकवून ठेवायला लावली.

आमच्या विधीत "मातीस माती" म्हणताना पाळक मूठभर माती टाकतो. मी पुस्तक उघडलं आणि त्या ओळीवर अडकलो. सुमनताईंनी रुमालाची गाठ सोडली. मार्थाबाईला विचारून त्यांनी चाळीच्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीतली माती आणली होती. मालवणी काकूंची कुंडी. मी ती माती टाकली. मला माझीच शिसारी आली.

वर्षअखेर दोन्ही कमिट्यांनी नवीकरण वर्षाचा अहवाल वर पाठवला. दोन्हींत पेजेचा फोटो होता, आणि दोन्हींत एक वाक्य होतं की परगावच्या एका बंधूचा अंत्यविधी मंडळीने प्रेमपूर्वक पार पाडला. दोन्हींवर पाळकाची सही लागत होती. मी दोन्हींवर केली. तेव्हा पेन बरोबर वेळेवर निघालं.

पातेलं धरणारे हळूहळू गळाले. उपासना अजून आठला आणि दहालाच होतात. पेज मात्र बंद पडली नाही. सुमनताई आणि मार्थाबाई चालवतात. मार्थाबाईला त्याच हॉस्पिटलात आयाचं काम मिळालंय. मंगळवारी मी जातो, तेव्हा ती माझ्या हातात वाट्या देते आणि कुठल्या रांगेत वाटायच्या ते सांगते. चर्चमध्ये ती पुन्हा आली नाही. मीही कधी ये म्हणालो नाही.

हल्ली नव्या पाळकांच्या वर्गात मला बोलवतात. विषय ठरलेला असतो, मंडळीचं ऐक्य आणि मिशन. मुलं वह्या उघडून बसतात. मी सांगतो, मयताची चिठ्ठी पाळकाने स्वतः लिहावी, त्याच दिवशी, साध्या कागदावर. ऐक्याचं माती दिल्यावर बघावं. ती पुढच्या मुद्द्याची वाट बघतात. माझ्याकडे पुढचा मुद्दा नाही.